थकलेली येणी आणि लघुउद्योग : बंगळूरच्या अनुभवाच्या निमित्ताने

लघुउद्योगांच्या विकासाचा विचार आपल्याकडे बहुधा कर्जापासून सुरू होतो आणि कर्जापाशीच संपतो. राज्य वित्त महामंडळे त्याच विचारातून जन्मली. आजच्या कर्नाटकाचे महामंडळ 1959 पासूनचे आहे. 2015 मध्ये मुद्रा योजना आली, तिची 10 लाख रुपयांची कमाल मर्यादा 2024 मध्ये काही ऋणकोंपुरती 20 लाखांवर नेण्यात आली. कर्जाची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु ज्याने केलेल्या कामाचा पैसा त्याला चार-चार महिने मिळत नाही, त्याला आणखी कर्ज देणे म्हणजे दुसऱ्याने बुडवलेल्या वेळेचे व्याज त्याच्याकडून वसूल करणे होय. हा विरोधाभास ज्या शहरात विशेष स्पष्टपणे दिसतो, ते शहर बंगळूर. या शहराची ओळख आज संगणकाशी जोडली गेली असली, तरी त्याची औद्योगिक घडण लेथ, ड्रिल आणि साचे यांच्या आधारावर झाली, आणि ती घडण कशी झाली हे पाहिले म्हणजे लघुउद्योगाला नेमके काय हवे असते, याचाही उलगडा होतो.

केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेतील गल्ल्यांची नावेच व्यवसायांची आहेत. अक्कीपेठ तांदळाची, बळेपेठ बांगड्यांची, कुंभारपेठ कुंभारांची, गाणिगरपेठ तेल्यांची. 1638 मध्ये विजापूरकरांनी हे नगर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. शिंपीकाम व रंगारीकाम करणारी मराठीभाषक भावसार मंडळी आजही या शहरात आहेत. अशा पेठेत कारागीर आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. उधारी तेव्हाही होती. पण देणेकऱ्याला रोज त्याच गल्लीतून जावे लागे. ओळख हेच तारण आणि लोकलज्जा हीच वसुलीची यंत्रणा. पेठेच्या या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिच्यात सावकारीही होती आणि जातीची कुंपणेही होती. मात्र देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर वाढले की उधारीचे स्वरूप बदलते, एवढे तिच्यावरून ध्यानात यावे.

विसाव्या शतकात म्हैसूर संस्थानाने उद्योगाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी दाखवली. विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 या काळात दिवाण होते. 1913 मध्ये म्हैसूर बँक निघाली (ती 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली), 1916 मध्ये व्यापारी मंडळ स्थापन झाले. संस्थान स्वतः भागीदार होई, जागा देई, वीज देई. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना बंगळुरात काढला तो म्हैसूर सरकारच्या भांडवली सहभागामुळेच. किर्लोस्करांची कथा तर अधिक बोलकी आहे. लक्ष्मणरावांना बेळगावातील आपली जागा सोडावी लागली, कारण नगरपालिकेला तेथे शहराचा विस्तार करावयाचा होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा व साह्य दिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे 1941 मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे बनवणारी मैसूर किर्लोस्कर आणि 1946 मध्ये बंगळुरात रवी किर्लोस्करांची विद्युत् यंत्रांची कंपनी निघाली. शहराची वाढ एका लहान कारखानदाराला हुसकावते आणि दूरदृष्टीचा एक संस्थानिक त्याला आसरा देतो, ही 1910 ची गोष्ट आज कोणत्याही महानगराच्या कडेला घडताना दिसेल. फक्त पंतप्रतिनिधी भेटतीलच असे नाही.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरमध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांची रांग लागली. 1948 मध्ये दूरध्वनी यंत्रांची आय.टी.आय., 1953 मध्ये यांत्रिक हत्यारांची एच.एम.टी., 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. या कारखान्यांनी किती माल बनवला याचा हिशोब वार्षिक अहवालांत सापडतो. त्यांनी किती माणसे घडवली, याचा हिशोब कोठेच सापडत नाही. आणि शहराच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. एच.एम.टी.च्या प्रशिक्षणशाळेतून निघालेला तंत्रज्ञ दहापंधरा वर्षे नोकरी करी, हजारांश इंचाची अचूकता त्याच्या हाताच्या सवयीची होई, आणि मग भविष्यनिर्वाह निधी व बायकोचे दागिने यांच्या बळावर तो एखादी जुनी लेथ विकत घेऊन राजाजीनगरात किंवा पीण्यात पत्र्याच्या शेडखाली आपला उद्योग मांडी. त्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा त्याचा जुना मालकच असे. कोणता भाग कोणत्या मापाचा लागतो, तपासनीस कोठे अडवतो, हे त्याला आतून ठाऊक असे. मोठ्या कारखान्यांनी आपल्या गरजेचे सुटे भाग बाहेर करून घ्यावेत, या धोरणातून पूरक उद्योगांची साखळी तयार झाली.

तिला जोड मिळाली ती सामाईक सेवांची. 1962 मध्ये यांत्रिक हत्यारांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था बंगळुरात आली, 1972 मध्ये डेन्मार्कच्या सहकार्याने साचे व हत्यारे बनवण्याचे शासकीय प्रशिक्षण केंद्र निघाले. ज्याच्याजवळ दोन लेथ आहेत तो स्वतःची तपासणी-प्रयोगशाळा बांधू शकत नाही. ती शेजारी असली आणि माफक शुल्कात तिचा उपयोग करता आला, तर दोन लेथवाला माणूसही विमानाचा भाग बनवू शकतो. सत्तरीच्या दशकात पीण्याची औद्योगिक वसाहत विस्तारू लागली, 1978 मध्ये तेथील उद्योजकांची संघटना झाली, आणि पुढे हजारो लहान कारखान्यांची ही वसाहत देशातील सर्वांत मोठ्या लघुउद्योग-वसाहतींपैकी एक गणली जाऊ लागली. शिकलेला हात, जवळचा खरेदीदार, सामाईक प्रयोगशाळा आणि परवडणारी जागा यांचा येथे संगम झाला होता. कर्ज या सर्वांच्या मागून आले, आणि म्हणूनच ते फेडलेही गेले.

सरकारी कारखाने देणी वेळेवर देत असत, असा याचा अर्थ नव्हे. बिलावरील सहीसाठी लेखाविभागाच्या दारात तिष्ठत बसण्याचा अनुभव त्या पिढीलाही होताच. परंतु पैसा उशिरा येई तरी तो बुडणार नाही, ही खात्री असे, आणि तिच्या भरवशावर पोलादाचा व्यापारीही थांबत असे. 1991 नंतर हे चित्र पालटले. आय.टी.आय. खंगली, एच.एम.टी.चा 1961 पासून चाललेला घड्याळांचा उद्योग 2016 मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. विमान, संरक्षण आणि अवकाश या क्षेत्रांतील सरकारी खरेदीदार अद्याप आहेत, पण पीण्यातील बहुसंख्य गाळ्यांचे गिऱ्हाईक आता खाजगी मोठी कंपनी किंवा तिचा मध्यस्थ पुरवठादार हे आहे. त्यांच्या खरेदी-आदेशावर किंमत, माप, मुदत, दंड, सर्व काही छापलेले असते. पैसा कधी मिळेल हे मात्र वास्तवात त्यांच्या सोयीवर अवलंबून असते.

या सोयीची किंमत काय पडते? समजा, एका गाळ्याचे मासिक बिल दोन लाख रुपयांचे आहे आणि पैसा तीन महिन्यांनी मिळतो. म्हणजे सहा लाख रुपये सदैव दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेले. तेवढे खेळते भांडवल बारा टक्क्यांनी उचलले तर वर्षाला 72,000 रुपये व्याज भरावे लागते. शिवाय 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचा नियम असा की, मालाचे बिल झाले की कर देय होतो, मग पैसा हाती येवो वा न येवो. सरकारला कर रोख, गिऱ्हाइकाला माल उधार, आणि या दोहोंमधला खड्डा भरणार तो लेथवाला! बड्या उद्योगाने लहान उद्योगाकडून घेतलेले हे बिनव्याजी कर्ज आहे. ते कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही, आणि म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

कायदा नाही असे नव्हे. उशिरा दिलेल्या पैशावर व्याज देण्याचा कायदा 1993 चा. 2006 च्या कायद्याने तो अधिक धारदार केला. लिखित करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांच्या आत चुकते केले पाहिजे, न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढ, व्याज द्यावे लागेल. वाद सोडवण्यासाठी राज्यांत परिषदा, त्यांनी 90 दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद, आणि निकालाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराने आधी 75 टक्के रक्कम भरावी अशी अट. कागदावर याहून कडक काय असू शकेल? तरीही या कायद्याचे शस्त्र उपसले जाते ते प्रायः संबंध तुटल्यानंतर. कारण उघड आहे. ज्याचे एकच मोठे गिऱ्हाईक आहे, तो त्या गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज करतो तेव्हा तो आपल्या पुढच्या आदेशावरच पाणी सोडतो. दुर्बळाने तक्रार करावी आणि मग राज्याने हलावे, ही कल्पनाच येथे लंगडी पडते. युरोपलाही हेच कळून चुकले आहे. तेथे व्याजाचा हक्क 2000 सालापासून आहे, पण पुरवठादार तो मागत नाहीत; म्हणून 2023 मध्ये युरोपीय आयोगाने असे व्याज मागणीवाचून, आपोआप देय व्हावे असा प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे त्याच वर्षी आयकर कायद्यात निराळी युक्ती योजण्यात आली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येईल, ही ती तरतूद. युक्ती चतुर खरी, कारण येथे तक्रारदार लागत नाही. पण संरक्षण सूक्ष्म व लघु उद्योगांनाच आहे, मध्यम उद्योगांना नाही. त्यामुळे काही खरेदीदार नोंदणीकृत लहान पुरवठादारालाच टाळू लागतील ही भीती उद्योजकांच्या संघटनांनी बोलून दाखवली, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. येणी वटवण्याची इलेक्ट्रॉनिक बाजारपेठही 2017 पासून चालू आहे. ही कल्पना आपल्या जुन्या पेढीवरील हुंडी वटवण्याहून फारशी भिन्न नाही. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणीची सक्ती आहे. परंतु बिल मान्य असल्याचा शेरा खरेदीदाराने दिल्यावाचून हुंडी वटत नाही, आणि हा शेरा देण्याची सक्ती नाही. घोडा पाण्यापर्यंत नेला आहे, इतकेच.

लघुउद्योगाच्या बाजूने बोलताना तोही निर्दोष नाही हे सांगितले पाहिजे. पीण्यातील भूजलात मुलामा देणाऱ्या कारखान्यांमुळे क्रोमियम उतरले आहे. त्याचे परिणाम ज्यांनी भोगायचे त्यांचा या नफ्यात वाटा नाही. सांडपाण्यासाठी सामाईक शुद्धीकरणाची व्यवस्था हे लघुउद्योगाला दिलेले साह्यच होय, आणि ते कोणत्याही अनुदानाहून श्रेष्ठ. तसेच, थकलेल्या येण्यांची साखळी मालकापाशी थांबत नाही. दसऱ्याच्या आधी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बंगळूरच्या गाळ्यागाळ्यांतून लेथला हार घातले जातात आणि कामगार वेतन व बक्षिसी घेऊन गावी निघतो. मोठ्या कंपनीचा धनादेश त्या आठवड्यात आला नाही, तर उधारीचा शेवटचा धनको तो कामगार ठरतो. आणि त्याला 45 दिवसांचा कोणताही कायदा ठाऊक नसतो.

मग करावे काय? 2019 पासून कंपन्यांवर असे बंधन आहे की, सूक्ष्म व लघु पुरवठादारांची 45 दिवसांहून जुनी देणी किती व का थकली, याचे विवरण त्यांनी दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडे सादर करावे. म्हणजे थकबाकीदारांची यादी त्यांच्याच सहीनिशी शासनाच्या हाती येते. ती पुरवठादाराची नावे वगळून प्रसिद्ध करावी, आणि तीवरील व्याज पुरवठादाराच्या अर्जाची वाट न पाहता खरेदीदाराकडून वसूल व्हावे. यासाठी नव्या योजनेची, नव्या महामंडळाची वा नव्या उद्घाटनाची गरज नाही, कदाचित म्हणूनच ते होत नसावे. सरकारी उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असा दंडक आहे. त्यांच्या कामगिरीचे मोजमाप करताना किती खरेदी केली याबरोबरच किती दिवसांत पैसे दिले हेही मोजले जावे.

आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2025 पासून लघुउद्योगाची व्याख्या रुंदावली असून 25 कोटींपर्यंतची गुंतवणूक व 100 कोटींपर्यंतची उलाढाल असलेला उद्योग आता ‘लघु’ ठरतो. वाढत्या उद्योगाला सवलती गमावण्याची भीती वाटू नये हा हेतू समजण्याजोगा आहे. पण 100 कोटींचा कारखानदार आणि दोन लेथचा गाळेवाला एकाच रांगेत उभे राहिले, तर साह्याच्या खिडकीपाशी आधी कोण पोहोचेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. शिवाय या दोघांमध्येही देणेकरी व येणेकरी असे नाते असतेच. 2006 च्या कायद्यात खरेदीदार लहान आहे म्हणून त्याला सूट नाही. पण निबंधकाकडे विवरण देण्याचे बंधन कंपन्यांपुरतेच असल्याने भागीदारी संस्थांची व एकल मालकांची थकबाकी त्या यादीत येतच नाही. पीण्यातल्या गाळेवाल्याचे कितीतरी पैसे अशाच शेजाऱ्यांकडे अडकलेले असतात.