आधी पुठ्ठा, मग साचा

आपल्याकडे कुणाच्या डोक्यात नव्या वस्तूची कल्पना आली, की तो आधी कर्जाची चौकशी करतो. काजू फोडायचं सुधारित यंत्र असो, आमसुलं वाळवायचं कपाट असो किंवा फणसाचे गरे काढायचं साधन. आधी बँक, मग वेल्डिंगवाला, मग यंत्र, आणि जिने ते दिवसभर चालवायचं त्या बाईला विचारणं सगळ्यात शेवटी. खारेपाटण, तळेरे, वैभववाडी या पट्ट्यात छोटा धंदा करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: हा क्रम उलटा करा. वस्तूचा कच्चा नमुना आधी करा, स्वस्तात करा, लवकर करा, आणि तो चुकला तर मोडून दुसरा करा.

कारखानदारीत याला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात. चक हल या अमेरिकन अभियंत्याने १९८४ मध्ये द्रव प्लास्टिकवर प्रकाश पाडून थरावर थर घट्ट करत वस्तू घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. तिथून थ्रीडी प्रिंटिंगचा धंदा उभा राहिला. पण या कामाला महागडं यंत्र लागतंच असं नाही. पुठ्ठा, बांबू, प्लायवूड, सायकलची जुनी चेन यांनी पुष्कळ भागतं. गणपतीच्या शाळेत मूर्तिकार साचा कधी काढतो? मूर्ती मातीत मनासारखी उतरल्यावर. ओल्या मातीत सोंड इकडची तिकडे करायला पैसे पडत नाहीत. प्लास्टिकच्या वस्तूचा पोलादी डाय मात्र लाखांत जातो, आणि एकदा कापल्यावर त्यात बदल करायचा तर परत खर्च.

काजूचंच घ्या. वाफवलेली बी दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने दाब द्यायचा, हाताने कवच उकलायचं आणि गर अख्खा काढायचा. अख्ख्या गराला एक भाव, तुकड्याला दुसरा, म्हणजे सगळी कमाई त्या पात्यांच्या फटीवर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ जातीची बी साडेसात ग्रॅमच्या आसपास, वेंगुर्ला-७ ची दहाच्या जवळपास, आणि गावठी बी बहुधा याहून लहान. एकाच मापाच्या पात्यावर हे सगळं नीट फुटणार नाही. यंत्र विकत घेतल्यावर हे कळण्यापेक्षा लाकडी पट्टीवर दोन-तीन मापांची पाती बसवून एका दुपारी कळू दे. बैठकीची उंची विटा रचून ठरवा. कवचातल्या तेलाने हात भाजतात, म्हणून ताट कुठे ठेवलं तर हात कमी लडबडतो, तेही पुठ्ठ्याचं ताट सरकवत बघा. आणि नमुना बाईच्या हातात दिल्यावर गप्प बसा. "असं धरायचं, तसं दाबायचं" हे सांगू नका. ती जिथे अडखळते, तिथे वस्तू चुकलेली असते.

आंब्याची गोष्ट बागायतदारांना माहीत आहे. आंबा ओढून काढला की देठ मुळातून तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'नूतन झेला' या आंबे उतरवायच्या साधनाला पातं आहे, त्यामुळे आंबा देठासकट कापून जाळीत पडतो. एवढाच फरक, पण तो झाडाखाली उभं राहिल्याशिवाय सुचणारा नव्हे.

खेड्यात हे सगळं जमतं का, अशी शंका असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती करत शिकली. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे नमुने घडवायची कार्यशाळा, २००२ मध्ये उभी केली ती याच पाबळला. दुष्काळी भागातल्या एका गावाला हे जमलं. आपल्याकडे तर कणकवलीपर्यंत हायवे आहे आणि मालवणला सरकारी तंत्रनिकेतन आहे.

२०१६ पासून सरकारने शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिलं. अशा लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो. ज्या शाळेत तो आहे तिथल्या सरांना आणि बाईंना हात जोडून सांगणं आहे, की तपासणीच्या दिवसापुरता तो उघडू नका. गावातल्या बचत गटाची एखादी अडचण मुलांपुढे ठेवा आणि त्यांना नमुना करू द्या.

प्रिंटरवरच्या तुकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या सुमाराला मऊ पडतं. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलंत तर वाकडं होईल. थरांच्या रेषेत ते पटकन तुटतं, आणि थरांच्या खाचा धुऊन साफ होत नाहीत, म्हणून खाण्याच्या वस्तूला लावू नका. आकार आणि माप बघायला तो तुकडा उत्तम. ताकद बघायची ती खऱ्या लोखंडावर.

कोकम सरबत किंवा काजूगर विकणाऱ्या ताईंसाठी एक वेगळं सांगायचं आहे. नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, आणि असा छापणारा बहुधा हजारोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. तेव्हा साध्या पाऊचवर स्टिकर चिकटवून पंचवीस पाकिटं बाजारात ठेवा. गिऱ्हाईक आधी काय वाचतं, किती वजनाचं पाकीट उचलतं, ते बघा. नाव, रंग, वजन बदलून पुन्हा ठेवा. पावसाळ्यात पाकीट आतून ओलसर होतं का, हे तर एक पावसाळा काढल्याशिवाय कळायचंच नाही.

यंदा काही नवं करायचं मनात असेल, तर कर्जाचा फॉर्म महिनाभर बाजूला ठेवा. त्या महिन्यात पुठ्ठ्याचा, लाकडाचा, जमेल तसा नमुना करून वापरणाऱ्या चार जणांच्या हातात द्या. त्यांनी दाखवलेल्या चुका वहीत लिहा, आणि ती वही घेऊनच बँकेत जा.