बादली लाथाडणारी ती मुले कोण होती? : ‘झुंड’, नागपूरचा झोपडपट्टी फुटबॉल आणि चाहत्यांच्या आठवणी

१/
नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलची जन्मकथा विदर्भातल्या फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ आहे. साल २००१च्या आसपासचे. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसात झाडाच्या आडोशाला उभे आहेत. समोर वस्तीतली मुले चिखलात एक फुटकी बादली लाथाडत खेळत आहेत. बारसे त्यांच्या हाती चेंडू देतात आणि पुढे त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहते.

२/
कथा सुंदर आहे. तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारणही नाही. मात्र इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने कोणत्याही कथेला पहिला प्रश्न विचारावा तो असा : हे दृश्य कुठून पाहिले गेले आहे? उत्तर स्पष्ट आहे. झाडाखालून. बादली लाथाडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव या कथेत सहसा येत नाही. त्या पावसात त्यांनी काय पाहिले, झाडाखालच्या गृहस्थांविषयी त्यांना काय वाटले, हे कोणी सांगत नाही.

३/
४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला आणि ही कथा देशभर पोहोचली. त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली आहे. चाहते संस्थेच्या भूतकाळाविषयी बोलताना चित्रपटातले प्रसंग घडलेल्या घटना म्हणून सांगतात. या थ्रेडचे म्हणणे एवढेच की ‘झुंड’ हा मोलाचा पुरावा आहे. परंतु चाहते ज्या काळाचा पुरावा म्हणून तो पुढे करतात, त्या काळाचा नव्हे.

४/
लाखांदूरसारख्या ठिकाणाहून हे अधिक ठळकपणे दिसते. चुलबंद आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकवणारा भंडारा जिल्ह्यातला हा तालुका नागपूरपासून शंभरावर किलोमीटर दूर. इथल्या विशीतल्या फुटबॉलप्रेमीने झोपडपट्टी फुटबॉलचा सामना मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिलेला असण्याची शक्यता कमीच. त्याची सगळी ओळख मोबाइलच्या पडद्यावरची. साहजिकच तो अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या विजय बोराडे यांच्याविषयी बोलू लागतो आणि दोन वाक्यांत त्यांना ‘बारसे सर’ म्हणू लागतो.

५/
गंमत अशी की नट आणि पात्र यांची गल्लत न करण्याचे शिक्षण या मुलखाला फार पूर्वीपासून मिळालेले आहे. वैनगंगेपलीकडचे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. धान निघाले की मंडप पडतात, नाटक रात्रभर चालते. रात्री राजा झालेला माणूस सकाळी एसटीत शेजारच्या आसनावर पेंगताना दिसतो. त्यामुळे राजाचे दुःख खरे मानूनही प्रेक्षक त्याला राजा समजत नाही. चित्रपटात ही सकाळ होतच नाही.

६/
दोष चित्रपटावर टाकण्यात मात्र अर्थ नाही. मंजुळे यांनी नायकाचे आडनावच बदलले. त्यांच्या वस्तीतल्या मुलांच्या हातात मोबाइल आहेत, त्यांची भाषा, कपडे, गाणी, सारे काही चित्रीकरणाच्या काळातले आहे. २००१चे नागपूर उभे केल्याचा दावा चित्रपट कुठेही करत नाही. तो दावा चाहत्यांनी परस्पर त्याच्या नावावर लावला आहे.

७/
यात सर्वांत आधी हरवतो तो काळ. नागपुरात चेंडू फिरू लागला त्याच सुमारास, २००१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन येथे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांच्या परिषदेनंतर ‘होमलेस वर्ल्ड कप’ची कल्पना निघाली होती. मेल यंग आणि हॅराल्ड श्मीड या दोघांची ती कल्पना. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली. देश होते १८. नागपूरचा अखिलेश पॉल भारतीय संघाचा कर्णधार म्हणून रिओ द जानेरोला गेला तो २०१० मध्ये. फिफाचा विविधता पुरस्कार ‘स्लम सॉकर’ला मिळाला २०१६ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांचा हा पल्ला. चित्रपटाच्या जवळपास तीन तासांत तो एखाद-दुसऱ्या हंगामाएवढा भासतो. त्या पंधरा वर्षांतले कंटाळवाणे दिवस, सरावाला न आलेली मुले, संपलेले पैसे, पुन्हा जमवलेले संघ, हे सारे चाहत्यांच्या आठवणीतूनही गळून गेले आहे. वास्तविक संस्था टिकली ती याच दिवसांत.

८/
दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पावसातल्या त्या मुलांना फुटबॉल आधीपासून येत होता. बादली हातात घेऊन त्यांनी दुसराच एखादा खेळ मांडला नाही. ते ती पायाने खेळवत होते. हे त्यांना कोणी शिकवले?

९/
या प्रश्नाचे उत्तर बहुधा नागपूर-कामठीच्या जुन्या फुटबॉलकडे नेते. कामठीची लष्करी छावणी १८२१ची. हिंदुस्थानात अनेक ठिकाणी फुटबॉल पलटणींच्या मैदानांवरून शेजारच्या मोहल्ल्यांत उतरला, तसा तो इथेही रुजला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा राहुल क्लब, यंग मुस्लिम क्लब ही नावे स्थानिक फुटबॉल पाहणाऱ्यांना नवी नाहीत. या मैदानांच्या कुंपणाला लटकून सामने पाहणाऱ्या मुलांच्या किती पिढ्या झाल्या असतील! चेंडू विकत घेण्याची ऐपत नसली तरी खेळ पाहायला तिकीट लागत नव्हते.

१०/
जन्मकथा मात्र बादलीपासून सुरू होते. त्यामुळे चेंडूबरोबर खेळही बाहेरूनच आला, असा समज होतो. बारसे यांच्या कार्याचे मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. महाविद्यालयातला माणूस भिंतीपलीकडच्या मुलांसाठी स्पर्धा भरवतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती आणि आजही नाही. तरीपण त्यांनी फुटबॉल दिला असे म्हणणे आणि खेळत असलेल्या मुलांना त्यांनी स्पर्धा, संघ व ओळख दिली असे म्हणणे, यांत अंतर आहे. पहिल्या विधानात मुलांना भूतकाळच उरत नाही.

११/
इतर चित्रपटांशी तुलना केली की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली. त्यावर २०११ मध्ये ‘एगारो’ हा बंगाली चित्रपट आला. त्या अकरा खेळाडूंची नावे, गोल करणारे शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष, बूट घालून खेळलेले एकटे सुधीर चटर्जी, हे सर्व लिखित आहे. चित्रपटाने कुठे रंग भरला, ते शंभर वर्षांनीही ताडून पाहता येते.

१२/
‘मैदान’चेही तसेच. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने नमवले, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. २०२४ मध्ये चित्रपट येताच चाहत्यांनी त्यातल्या चुका मोजायला घेतल्या. त्यांना ते जमले, कारण मोजायला हाताशी काही होते.

१३/
झोपडपट्टी फुटबॉलचे काय? पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आल्याचे सर्वत्र सांगितले जाते. आकडा बोलका आहे. १२८ संघ बाद पद्धतीने खेळवायचे झाले, तर १२७ सामने होतात. त्यांपैकी किती सामन्यांचे निकाल आज एखाद्या चाहत्याला सांगता येतील? अंतिम सामन्याचा गोलरक्षक कोण होता? पंच कोणी आणले? अनवाणी खेळणाऱ्यांना बूट घातलेल्यांसमोर उभे केले की साऱ्यांनाच अनवाणी खेळवले? ही माहिती आठवणींत असेल, पण सहज हाती लागेल अशी छापलेली नाही. आणि ताडून पाहण्यासारखे काही समोर नसते, तिथे चित्रपटच दप्तर होऊन बसतो.

१४/
त्यात होमलेस वर्ल्ड कपच्या एका नियमाची भर पडते. या स्पर्धेत कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच खेळू शकतो. संधी अधिकाधिक जणांना मिळावी, हा त्यामागचा उदार हेतू. चार-चार जणांचा संघ, छोटेसे मैदान, सात-सात मिनिटांचे दोन डाव. पुढच्या वर्षी चेहरे नवे. सामान्य क्लबचा चाहता एका खेळाडूचा दहा-बारा वर्षांचा प्रवास पाहतो आणि त्याच्या आधाराने क्लबचा इतिहास लक्षात ठेवतो. इथे तशी खुंटीच नाही. कर्णधारसुद्धा एका स्पर्धेचा. मग स्मृती टांगायची कुठे? ती प्रशिक्षकावर टांगली जाते, कारण दरवर्षी तेवढाच चेहरा कायम असतो. चित्रपटाचा नायक शिक्षक का झाला, याचे निम्मे उत्तर अमिताभ बच्चन यांच्या नावात असेल. उरलेले निम्मे या नियमात आहे.

१५/
पडद्यावरच्या दोन रूपांची तुलना इथे उद्बोधक ठरावी. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग प्रसारित झाला. त्यात अखिलेश पॉल स्वतः बोलला. गुन्हेगारीच्या वाटेवरून तो मैदानाकडे कसा वळला, हे त्याच्याच तोंडून प्रेक्षकांनी ऐकले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात कात्री असते, संगीत असते, यजमानाचे डोळे भरून येतात. तरीही साक्ष ज्याची त्याची होती. २०२२ मध्ये ती साक्ष अनेक पात्रांत विरघळली. अंकुश गेडामने उभा केलेला ‘डॉन’ अस्सल वाटतो, मात्र तो कोणा एकाचे चरित्र नव्हे.

१६/
या दोन तारखांमध्ये न्यायालयही आले. हैदराबादच्या एका चित्रपटकाराने अखिलेशच्या जीवनकथेचे हक्क आपण घेतल्याचा दावा केला आणि २०२० मध्ये ‘झुंड’च्या प्रदर्शनाला मनाई झाली. पुढे वाद मिटला व चित्रपट आला. या खटल्याकडे लोक चित्रपटसृष्टीतली नेहमीची भांडणे म्हणून पाहतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याकडे थांबून पाहावे. ज्याच्या लहानपणाची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही, त्याच्या लहानपणावर मालकी कोणाची, यावर वकील युक्तिवाद करत होते.

१७/
आता ‘झुंड’ कशाचा पुरावा आहे ते पाहू. उत्तरार्धात सामन्यांपेक्षा कागदपत्रांची धावपळ अधिक लक्षात राहते. रिंकू राजगुरूने साकारलेली आदिवासी मुलगी पारपत्रासाठी वडिलांबरोबर दारोदार हिंडते. आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी तिला कागद हवा असतो आणि तो मिळण्यासाठी आधी दुसरा कागद हवा असतो. विश्वचषकाचा थरार चित्रपट दाखवतच नाही. मुले विमानात बसतात तिथे तो संपतो. आंबेडकर जयंतीचा प्रसंग, महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत, विमानतळावरची तपासणी, ही दृश्ये २०१०च्या दशकातले नागपूर ज्या नेमकेपणाने टिपतात, तसे त्या काळच्या कोणत्याही अहवालाने टिपले नसेल. पन्नास वर्षांनी कोणी या शहराचा सामाजिक इतिहास लिहायला बसला, तर त्याला हा चित्रपट टाळता येणार नाही.

१८/
जाता जाता एक योगायोग. बारसे ज्या महाविद्यालयात शिकवत, ते १८८३ साली स्थापन झाले आणि त्याला नाव आहे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे. नागपूर परिसरातल्या गोंडांच्या मौखिक परंपरा हिस्लॉप यांनी लिहून घेतल्या होत्या. १८६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. परक्याच्या नजरेतल्या त्या नोंदींत पुष्कळ दोष आहेत. परंतु कोणीतरी बसून ऐकले आणि उतरवून घेतले, म्हणून तपासायला दोष तरी शिल्लक राहिले.

१९/
चित्रपट नसता तर लाखांदूरच्या मुलाला ही संस्था ठाऊकच झाली नसती, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्यच आहे. ‘झुंड’ने दार उघडले. तक्रार दारातच थबकणाऱ्यांविषयी आहे. चाहत्यांच्या गप्पांत चित्रपटातली गाणी येतात, बच्चन येतात, मंजुळे येतात. २००१ ते २०१० या काळात मैदानावर उतरलेल्या शेकडो मुलांपैकी पाच नावे विचारली की शांतता पसरते.

२०/
ती मुले आज पस्तिशी-चाळिशीत असतील. कोणी रिक्षा चालवत असेल, कोणी प्रशिक्षक झाला असेल, कोणी शहर सोडून गेला असेल. त्यांच्यापाशी जाणाऱ्याने चित्रपट आवडला का, असे विचारू नये; त्या प्रश्नाला सगळे सारखेच उत्तर देतात. पहिल्या स्पर्धेत तुमच्या वस्तीच्या संघाचे नाव काय होते? ते कोणी ठेवले? अंगातले बनियन कुठल्या रंगाचे होते? सामना हरल्यावर घरी कसे गेलात? फुटबॉल सर्वांत आधी कुठल्या मैदानाच्या कुंपणावरून पाहिला? आणि एखाद्याला ती बादली आठवत असेल, तर ती कोणाच्या घरची होती, हेही विचारून लिहून ठेवावे. तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालून.