दुसरी वेलांटी

गेल्या आठवड्यात अंबाजोगाईतल्या एका वाचनालयात एम.ए.चा विद्यार्थी दासोपंतांच्या ‘गीतार्णवा’चा छापील भाग मागत होता. संगणकानं ‘नाही’ म्हणून सांगितलं. कपाटाशी उभा असलेल्या मला तो ग्रंथ समोरच दिसला. दाखल नोंदवहीत जुन्या ग्रंथपालांच्या सुवाच्य अक्षरात नोंद अगदी बरोबर होती. संगणकात मात्र दुसरी वेलांटी पहिली होऊन ‘गितार्णव’ झालं होतं, आणि लेखकाच्या रकान्यात ‘देशपांडे दासो दिगंबर’. माणूस अशी चूक सांभाळून घेतो. आमच्याकडच्या संगणकाला ते दुसरंच पुस्तक वाटतं.

सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणारा, सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहून ठेवणारा हा कवी. त्याच्याच गावात तो सापडू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

या सदरात मी मागेही लिहिलं होतं: लेखकाचं एक रूप मान्य करायचं, बाकीच्या रूपांवरून तिकडे ‘पाहा’ अशी वाट दाखवायची. ‘आरती प्रभू’ शोधणाऱ्याला चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कथा-कादंबऱ्याही कळायला हव्यात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1934 साली ग्रंथतालिकेची संहिताच लिहिली. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तेव्हा हाताशी संगणक नव्हता. होती ती चिकाटी. आज अनेक ठिकाणी नोंदी करायचं काम दर पुस्तकामागे पैसे ठरवून बाहेर देतात. टंकणारा मुलगा मुखपृष्ठ पाहून भराभर पुढे जातो. शीर्षकपृष्ठ उघडायला त्याला सवड कुठली? दोष त्याचा नाही. तपासणीसाठी कुणाची नेमणूकच नसते. त्यात जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, ती तशीच राहतात. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयांची अ ते ड वर्गवारी होते, तेव्हा पुस्तकं मोजली जातात. माझं म्हणणं असं की तपासणीच्या दिवशी कोणत्याही 50 नोंदी काढून शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहाव्यात, आणि चुकांचा आकडा शेऱ्यात लिहावा. खर्च काहीच नाही, एक दुपार जाईल.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी लगेच दुरुस्ती केली. “सर, आता शोधून बघा,” म्हणाल्या. शोधलं, मिळालं. मग मी ‘विवेकसिंधु’ टाकून पाहिलं. तीन प्रती आल्या, तीन लेखकांच्या नावांवर: ‘मुकुंदराज’, ‘मुकुंद राज’, ‘राज मुकुंद’. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. बाईंनी तिन्ही दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतले, चिठ्ठी नोंदवहीत खोचली, आणि शनिवारी मला पुन्हा यायला सांगितलं.