शिशाच्या गावचा हिशेब

लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजल्या जातात. चोपडीत मजुरी लिहिलेली असते, मजुराचे फुप्फुस नसते. यंदाचा अंक श्रमावर काढायचे ठरले, तेव्हा मला ऑस्ट्रेलियातले ब्रोकन हिल आठवले.

१८८३मध्ये मेंढ्यांच्या कुरणाची राखण करणाऱ्या चार्ल्स रास्पला तिथल्या काळ्या टेकाडात कथील असावे असे वाटले. निघाले शिसे, चांदी आणि जस्त. १८८५मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली; जगभर खाणी चालवणारी आजची बीएचपी ती हीच. भागधारकांची दिवाळी झाली, कामगारांच्या वाट्याला धूळ आली. १८९२चा संप मोडला, पुढारी तुरुंगात गेले. १९०९मध्ये कंपनीने मजुरी कापायला घेतली. न्यायमूर्ती हिगिन्स यांचा निवाडा कामगारांच्या बाजूने लागला, तर कंपनीने खाणच बंद ठेवली.

मग १९१९च्या मे महिन्यात सुरू झालेला संप अठरा महिने चालला. मागणी नुसत्या पैशाची नव्हती. जमिनीखालचे तास कमी करा, रात्रपाळी बंद करा, असे कामगार म्हणत होते. दरम्यान डॉक्टरांनी हजारो खाणकामगार तपासले. धुळीने निकामी झालेली फुप्फुसे, क्षय, शिशाची बाधा, सारे कागदावर आले. मालकांना तो कागद नाकारणे जड गेले. १९२०मध्ये जमिनीखालच्या कामाला आठवड्याचे ३५ तास ठरले. आठवड्याला ७० तास राबा, असे सल्ले ऐकणाऱ्या आपल्या तरुणांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. १९२५पासून शिशाचा भाव चढला की मजुरीवर जादा रक्कमही मिळू लागली.

म्हणून तिथल्या संघटनांची आरती ओवाळायचे कारण नाही. त्यांच्याच नियमामुळे विवाहित स्त्रीला गावात बहुतेक ठिकाणी नोकरी मिळत नसे. नवरा कमावतो, जागा इतरांना सोडा, हा युक्तिवाद! तो नियम १९८१पर्यंत टिकला, आणि एका नोकरदार बाईने कायद्याचा आधार घेतला तेव्हा कुठे सुटला.

बीएचपीने १९३९मध्ये गाव सोडले. दुसऱ्या कंपन्यांनी खाणकाम चालू ठेवले, आणि तिथल्या लहान मुलांच्या रक्तातले शिसे अजूनही तपासले जाते.

पुढच्या पानांवर ऊसतोड, सफाई आणि घरकाम यांवरचे लेख आहेत. त्यांतले काही ते काम करणाऱ्यांनीच लिहिले आहेत. मानधन सर्वांना सारखेच दिले आहे.