हॉटेलात ग्राहक जखमी झाला, तर भरपाई कोण देणार?

कामठीहून कन्हान नदीचा पूल ओलांडला की नागपूर-जबलपूर मार्गावरचं कन्हान लागतं. समजा, इथल्या एखाद्या सावजी भोजनालयात ओल्या फरशीवर घसरून ग्राहकाचा हात मोडला किंवा उकळता रस्सा अंगावर सांडला. दवाखान्याचं बिल कोण भरणार? मालक सांगेल, "आमचा विमा आहे." पण तो कशाचा आहे, हा खरा प्रश्न आहे.

आगीचा विमा पुरत नाही का?

नाही. तो मालकाची इमारत, फर्निचर, माल यांच्यासाठी असतो. ग्राहकाला झालेल्या इजेसाठी 'पब्लिक लायबिलिटी' विमा लागतो. मालकाच्या निष्काळजीपणामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर कायद्याने द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. 'दुकान विम्या'च्या पॅकेजमध्येही हे कलम जोडून घेता येतं.

तो सक्तीचा आहे का?

१९९१चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्यांसाठी आहे. साध्या खानावळीला तो लागू होत नाही. त्यामुळे हा विमा घ्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर राहतं.

विमा नसेल तर जबाबदारी टळते का?

अजिबात नाही. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येतं. अन्न असुरक्षित असेल तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६५ आहे. त्यानुसार मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. विमा नसेल तर हे पैसे मालकाच्या खिशातून जातात.

खिसा रिकामा असेल तर?

कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलात १६ ऑक्टोबर २०१५ला गॅसमुळे स्फोट होऊन आग लागली. जेवायला आलेले ८ जण गेले, त्यात बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी. हॉटेल परवान्याच्या अटी मोडून चालत होतं, हे माहीत असूनही मुंबई महापालिकेने वेळीच कारवाई केली नाही, असा ठपका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये ठेवला. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचा आदेश झाला, तोही महापालिकेला. म्हणजे धंदा खासगी, पण भरपाईचा बोजा सार्वजनिक तिजोरीवर. आणि त्या आदेशासाठीही आई-वडिलांना साडेआठ वर्षांहून जास्त काळ झगडावं लागलं.

गॅस कंपनीचा विमा असतो ना?

असतो. तेल कंपन्यांच्या विम्यात गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यूसाठी माणशी ६ लाखांची तरतूद आहे. पण घसरणं, भाजणारा रस्सा, विषबाधा त्यात येत नाही. शिवाय घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरणं मुळातच बेकायदेशीर आहे.

मग पॉलिसी घेतली की झालं?

इथेच खरी मेख आहे. परवाना नाही, अग्निसुरक्षेची व्यवस्था नाही, बाहेर पडायची वाट सामानाने अडवलेली, अशा वेळी कंपनी दावा नाकारू शकते. दंड किंवा तुरुंगवास तर कुठलाच विमा भरून देत नाही. स्वयंपाकी आणि वाढपी यांच्यासाठीही वेगळा कामगार विमा लागतो.

मालकांनी पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: एका अपघाताची आणि वर्षाची मर्यादा किती, अन्न-विषबाधा धरली आहे का, आणि कोणत्या अटी मोडल्या तर दावा बाद होतो.

ग्राहकांनी जेवणाचं बिल, जागेचे फोटो, डॉक्टरांचे कागद आणि साक्षीदारांचे नंबर जपून ठेवावेत. अपघातानंतर फरशी पुसली जाते; भरपाई मागताना हेच कागद कामी येतात.