कान टोचण्याची घाई कशाला?

'कान सोनारानेच टोचावे लागतात' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा अर्थ. अनेक घरांत बाराव्या दिवशी, बारशालाच, बाळाचे कान टोचतात. सोनार सोन्याची तार वापरतो, ते योग्यच. शुद्ध सोन्याचा कातडीवर सहसा परिणाम होत नाही. स्वस्त दागिन्यांतील निकेलने मात्र पुष्कळांना खाज सुटते, पुरळ उठते.

पण तार सोन्याची आहे म्हणून ती निर्जंतुक ठरत नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांचा नाश करण्यासाठी प्रेशर कुकरप्रमाणे दाबाखालील वाफ लागते. रुग्णालयात ती १२१ अंश सेल्सिअसला वापरतात. बाळाला धनुर्वाताची लस ६, १० व १४ आठवड्यांचे झाल्यावर देतात. बाराव्या दिवशी त्याच्याजवळ आईकडून मिळाले असेल तेवढेच संरक्षण असते.

कान टोचल्याने बुद्धी वाढते, असेही सांगतात. त्याला पुरावा नाही. कानाच्या पाळीत कूर्चा नसते. त्यामुळे ती दहाव्या वर्षीही सहज टोचता येते. मग थांबण्यात नुकसान कोणते? निदान लसीचे तीन डोस पुरे होऊ द्यावेत आणि निर्जंतुक सुईचाच आग्रह धरावा. माझ्या मते त्याहून चांगले म्हणजे मूल स्वतः 'हो' म्हणेपर्यंत थांबणे. कान त्याचे आहेत, दुखणार त्यालाच आहे. घरात पाळणा हलेल तेव्हा आजीशी याविषयी जरूर बोला.