सही कशावर होते आहे, तेही तपासा
वित्तीय गुप्तवार्ता विभागाच्या संचालकांना खुले पत्र

मा. संचालक,
वित्तीय गुप्तवार्ता विभाग, नवी दिल्ली

महोदय,

मोर्शी हा संत्र्याचा तालुका. बागेचा सौदा झाला की तो पैसा पूर्वी बँकेत, सोन्यात नाहीतर वावराच्या तुकड्यात जायचा. आता घरातल्या तरुणांमार्फत त्यातला थोडा भाग फोनवरच्या क्रिप्टो ॲपमध्येही जातो. मी इथे संगणकाचे वर्ग घेतो, म्हणून पोरं मलाच विचारतात, "सर, यातलं कोणतं ॲप सेफ हाये?" खात्रीने सांगावे इतकी माहिती ग्राहकापर्यंत पोचतच नाही. ती मागण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोचा धंदा करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आणि त्यांना आपल्याकडे नोंदणी करणे भाग पडले. पुढे त्यांच्यासाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनिसांकडून सायबर सुरक्षेची तपासणीही सक्तीची झाली. हे चांगलेच झाले. पण त्या तपासणीत नेमके काय विचारले जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपये गेले. ज्या वॉलेटमधून ते गेले त्याच्या ६ चाव्या होत्या: ५ कंपनीच्या माणसांकडे आणि १ लिमिनल या वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीकडे. पैसे हलवायला कंपनीच्या ३ सह्या आणि त्यावर लिमिनलची मंजुरी लागे. कागदावर बंदोबस्त चोख होता. पण वझीरएक्सच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सह्या दुसऱ्याच मजकुरावर झाल्या. त्या मजकुराने वॉलेटचा ताबाच चोराच्या हातात गेला. दोष कोणाच्या यंत्रणेत होता, यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदन काढून या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचे जाहीर केले. ग्राहक मात्र सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसले. ॲपवरचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

माणसे ओळखीची होती, पडदा रोजचा होता, म्हणून व्यवहारही खराच असणार असे धरले गेले. महाराष्ट्राने हे आधीही भोगले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेव्हा चोरांनी एटीएमच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. मध्ये खोटा स्विच बसवून त्यांनी परस्पर होकार दिले आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा बाहेर पडल्या. होकार 'आतून' आला एवढ्यावर विश्वास ठेवला, की असे घडते.

यावरचा उपाय ठाऊक आहे. सायबर सुरक्षातज्ज्ञ जॉन किंडरवाग यांनी २०१० मध्ये 'झिरो ट्रस्ट'ची मांडणी केली आणि अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला. कोणी आतला आहे म्हणून त्याला मोकळीक द्यायची नाही. प्रत्येक मागणीला माणूस, यंत्र आणि परवानगी नव्याने तपासायची. परवानगी कामापुरतीच द्यायची, काम संपले की काढून घ्यायची. चोर आत शिरलेला आहे असे समजूनच रचना करायची.

एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्या ब्लॉकचेनवर पैसा नेणाऱ्या ब्रिजवर तर याची सर्वांत जास्त गरज आहे, कारण दोन साखळ्या एकमेकींना पाहू शकत नाहीत. शेतकरी वखारीत तूर ठेवतो आणि पावतीवर कर्ज उचलतो, तसेच इथे चालते: इकडच्या साखळीवर नाणी अडकवून ठेवायची आणि तिकडे त्यांची पावती चालवायची. वखार रिकामी झाली किंवा खोटी पावती फाडली गेली, की तिकडच्या सगळ्यांच्या हातात नुसता कागद उरतो. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवरून ६० कोटी डॉलरहून जास्त गेले. तिथे ९ पैकी ५ सह्या पुरत होत्या. ४ चाव्या एकाच कंपनीच्या यंत्रणेतून चोरांच्या हाती लागल्या. पाचवी सही मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये तात्पुरत्या दिलेल्या परवानगीतून. त्या परवानगीचे काम डिसेंबरातच संपले होते, पण ती रद्द करायचे राहून गेले. चोरी झाली २३ मार्चला, कंपनीला कळले २९ मार्चला, तेही एका ग्राहकाला पैसे काढता येईनात तेव्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिजवर एका अद्ययावतीकरणातल्या चुकीमुळे न पडताळलेला संदेशही खरा मानला जाऊ लागला. पहिल्या चोराचा व्यवहार उतरवून त्यात स्वतःचा पत्ता घालायचा, एवढे केले की पैसे मिळत होते. सुमारे १९ कोटी डॉलर असेच गेले. जुलै २०२५ मध्ये भारतातल्याच कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजच्या अंतर्गत खात्यातून ४.४ कोटी डॉलर चोरीला गेले, तेव्हा त्यातला काही पैसा सोलानावरून इथेरियमवर ब्रिजनेच नेला गेला. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत असे सांगून कंपनीने तो तोटा स्वतः सोसला, हे नोंदवले पाहिजे.

म्हणून विनंती अशी, की तपासनिसाने 'किती सह्या लागतात' एवढे विचारून थांबू नये. त्या चाव्या किती वेगवेगळ्या संस्थांच्या हातात आहेत? सही करणारा माणूस मूळ मजकूर दुसऱ्या, स्वतंत्र यंत्रावर वाचून पाहतो का? दिलेल्या परवानग्या कोण आणि कधी रद्द करतो? मोठी रक्कम निघताना सक्तीचा थांबा आहे का? एक्स्चेंज कोणता ब्रिज वापरते, आणि त्या ब्रिजवरचा संदेश एकाहून अधिक स्वतंत्र मार्गांनी पडताळला जातो का? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतःचे घर चोख ठेवणारी कंपनीही ग्राहकाचा पैसा दुसऱ्याच्या कच्च्या पुलावरून नेत असेल, तर तिच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. ज्याचे पैसे आहेत त्यालाही त्याच मुदतीत कळले पाहिजे.

क्रिप्टोवर नियम केले तर तिला सरकारी मान्यता दिल्यासारखे होईल, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. एप्रिल २०२२ पासून सरकार तिच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. भाव कोसळून होणारा तोटा ज्याचा त्याने सोसावा, त्यासाठी सरकारकडे हात पसरू नये. चावी निष्काळजीपणे सांभाळल्याने झालेली चोरी मात्र वेगळी गोष्ट आहे.

ज्याचे पैसे चोरीला जातात त्याला १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगितले जाते, आणि तो करायलाच हवा. पण एका साखळीवरून दुसऱ्या साखळीवर पैसा मिनिटांत जातो आणि त्याला परत बोलावता येत नाही. जे विचारायचे ते आधीच विचारले पाहिजे. हे प्रश्न तपासणीच्या नमुन्यात घाला आणि प्रत्येक कंपनीच्या उत्तरांचा सारांश मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करा.

आपला,
मोर्शी (जि. अमरावती) येथील एक संगणक शिक्षक